चार मूर्ती आणि एक सपाट पाठ : ‘आदिम मातृदेवता’ या प्रतिकृती-संचाचे परीक्षण

इतिहास आणि पुरातत्त्वाच्या वर्गांसाठी म्हणून विकला जाणारा ‘आदिम मातृदेवता’ हा प्रतिकृतींचा संच गेल्या सत्रात आमच्या विभागाने मागवला. त्यात चार मूर्ती आहेत : ऑस्ट्रियातील विलेनडॉर्फची, चेक प्रजासत्ताकातील डोल्नी व्हेस्टोनित्सेची, फ्रान्समधील लेस्प्यूगची आणि तुर्कस्तानातील चाताल्होयुकची. प्रत्येक मूर्तीला लाकडी बैठक आहे आणि सोबत एक रंगीत पुस्तिका येते. किंमत साडेचार हजार रुपयांच्या आतबाहेर असून ती महाविद्यालयाला परवडणारी आहे. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यांतून निघाल्या असाव्यात अशा मूर्ती निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या खोक्यांतून बाजारात मिळतात. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एका दुकानापेक्षा अशा वस्तू घडवण्याच्या एकंदर रीतीला अधिक लागू पडेल.

प्रतिकृती हातात असण्याचा पहिला लाभ आकाराच्या बाबतीत होतो. पडद्यावर विलेनडॉर्फची स्त्री भिंतभर दिसते आणि विद्यार्थी तिला मंदिरातील मूर्तीएवढी समजून बसतात. मुळात ती अवघ्या ११ सेंटीमीटर उंचीची असून मुठीत सहज मावते. संचातील प्रतिकृतीची उंची मोजून पाहिली तेव्हा ती बरोबर निघाली. डोल्नी व्हेस्टोनित्सेची मूर्तीही जवळजवळ तेवढीच, ११.१ सेंटीमीटरची आहे आणि लेस्प्यूगची थोडी उंच, १४.७ सेंटीमीटरची आहे; या दोन्ही मापांत निर्मात्याने कसूर केलेली नाही. अशा संचांत बहुधा सगळ्या मूर्ती शोभेसाठी एकाच उंचीच्या केलेल्या असतात, त्या मानाने ही मोठी जमेची बाजू आहे. राळेचे ओतकाम मात्र दगडाच्या आणि हस्तिदंताच्या मानाने हलके लागते, आणि चारही मूर्तींना दिलेला पिवळट तपकिरी रंग एकाच डब्यातला आहे, हे पाहताक्षणी कळते.

विलेनडॉर्फच्या मूर्तीपासून आरंभ करणे योग्य ठरेल. ७ ऑगस्ट १९०८ रोजी डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यात, योसेफ सोम्बाटी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात, योहान फेरान या मजुराच्या हाती ती लागली. आज ती व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. बारीक गोल कणांच्या चुनखडीत ती कोरलेली आहे, तिचे वय सुमारे तीस हजार वर्षे मानले जाते आणि तिच्यावर तांबड्या गेरूचे अंश शिल्लक आहेत. प्रतिकृतीत गेरूचा मागमूस नाही. २०२२ साली व्हिएन्ना विद्यापीठातील गेरहार्ड वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म सीटी स्कॅन करून असे दाखवले की हा दगड त्या परिसरातला नाही, आणि उत्तर इटलीतील गार्डा सरोवराजवळच्या चुनखडीशी त्याचे साम्य सर्वाधिक आहे. म्हणजे हा दगड, किंवा कोरलेली मूर्तीच, आल्प्सच्या पलीकडून माणसांच्या हातांनी प्रवास करत आली असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच तपासणीत असेही आढळले की दगडातील लोहयुक्त खडे निखळल्याने पडलेल्या खळग्यांपैकी एकाचा उपयोग कोरणाऱ्या व्यक्तीने बेंबीसाठी करून घेतला होता. पुस्तिकेत यातले काहीही नाही. मूर्ती ‘स्थानिक दगडात’ कोरल्याचे मात्र ठामपणे छापले आहे.

त्याहून महत्त्वाची चूक डोक्याच्या बाबतीत आहे. मूळ मूर्तीला चेहरा नाही. तिचे डोके गोलाकार फिरत जाणाऱ्या ओळींनी झाकलेले आहे. पुस्तिका त्यांना ‘कुरळे केस’ म्हणते, आणि हे मत जुने आहे. परंतु २००० साली ओल्गा सॉफर, जेम्स अॅडोव्हासिओ आणि डेव्हिड हायलंड यांनी या ओळी बारकाईने तपासून ती माथ्यापासून सुरू होणारी, वेटोळे घेत विणत नेलेली टोपी आहे असे मांडले, आणि त्यातील टाके कसे घातले आहेत हेही सांगितले. या निष्कर्षाला आधार होता तो डोल्नी व्हेस्टोनित्से आणि शेजारच्या पाव्हलोव्ह येथील भाजलेल्या मातीच्या तुकड्यांवर उमटलेल्या ठशांचा. त्या ठशांत दोर, जाळे आणि विणलेले कापड ओळखता येते. हिमयुगातील तंत्रज्ञान म्हणजे गारगोटीची पाती आणि भाल्यांची टोके, अशी समजूत रूढ होती, कारण दगड टिकतो आणि सूत कुजते. मूर्तींवरच्या टोप्या, पट्टे आणि दोऱ्यांचे घागरे विचारात घेतले की कुजून गेलेल्या त्या कामाचा आणि ते करणाऱ्या हातांचा थोडा तरी पुरावा हाती येतो. हा सगळा विषय वर्गात मांडायचा तर टोपीचा माथा विद्यार्थ्याला बोटाने चाचपता आला पाहिजे. आमच्या प्रतिकृतीत नेमका तेथूनच साच्याचा जोड गेला आहे. तो घासून गुळगुळीत करताना विणीचा आरंभबिंदूही घासला गेला आहे. स्तनांची आणि पोटाची गोलाई मात्र अतिशय निगुतीने उतरवलेली आहे. स्तनांवर टेकलेले बारीक हात जेमतेम दिसतात आणि मनगटांवरची कड्यांसारखी नक्षी तर गेलीच आहे.

हाच कल लेस्प्यूगच्या मूर्तीत इतका वाढला आहे की ती प्रतिकृती माझ्या मते अध्यापनासाठी निरुपयोगी ठरते. १९२२ साली ओत-गारोन भागातील रिदो गुहेत सें-पेरिये दांपत्याच्या उत्खननात सापडलेली ही मॅमथच्या दाताची मूर्ती खणतानाच मोडली. आपण पुष्कळदा जी अखंड, रेखीव मूर्ती पाहतो ती पुनर्रचित असते. प्रतिकृती पुनर्रचित रूपाची आहे, यात वावगे काही नाही, पण तसे सांगणारी एक ओळ पुस्तिकेत असायला हवी होती. खरा प्रश्न मागच्या बाजूचा आहे. मूळ मूर्तीच्या नितंबांखालून पायांकडे उतरणाऱ्या समांतर रेषा कोरलेल्या आहेत आणि त्या रेषांवर आडव्या बारीक खुणा आहेत. पिळाच्या दोऱ्यांचा हा घागरा किंवा झालर आहे, असे वस्त्रांच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. माणसाने धाग्याला पीळ देऊन वस्त्र केल्याच्या सर्वांत जुन्या चित्रित पुराव्यांत त्याची गणना होते. आमच्या संचातील मूर्तीची पाठ सपाट आहे. बैठकीला नीट चिकटावी आणि फडताळात भिंतीला लागून उभी राहावी यासाठी तसे केले असावे. परिणाम असा की ज्या बाजूला या मूर्तीतील सर्वाधिक माहिती आहे ती बाजूच निर्मात्याने वगळली.

यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे मी मानत नाही. स्त्रीचा देह म्हटले की समोरून पाहायचा, स्तन आणि पोट पाहायचे, आणि ‘प्रजननाचे प्रतीक’ असे म्हणून पुढे जायचे, ही सवय पुरातत्त्वशास्त्राला स्वतःलाच शंभराहून अधिक वर्षे होती. साचा करणाऱ्याने ती फक्त राळेत ओतली आहे. १९८४ साली मार्गारेट कॉन्की आणि जॅनेट स्पेक्टर या पुरातत्त्वज्ञांनी आपल्या निबंधात हीच तक्रार सविस्तर मांडली होती : उत्खननात लिंगभावाचा पुरावा शोधला जात नाही, आजच्या घरातील समजुती मागे नेऊन भूतकाळावर चिकटवल्या जातात, आणि मग त्याच भूतकाळाचा दाखला देऊन आजच्या समजुती नैसर्गिक ठरवल्या जातात. त्याच्या आधीच, १९७९ साली, नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळ ‘ते सगळे पुरुषच होते का?’ असा प्रश्न घेऊन एक परिसंवाद झाला होता. १९९१ साली जोन गेरो आणि कॉन्की यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहानंतर लिंगभावाचा विचार करणारी पुरातत्त्वाची ही शाखा विद्यापीठांत स्थिरावली. म्हणजे संचातील पुस्तिका लिहिणाऱ्याला या साऱ्याची माहिती होण्यास चार दशकांचा अवधी मिळालेला होता.

डोल्नी व्हेस्टोनित्सेची मूर्ती या संचात सर्वांत चांगली उतरली आहे, आणि तिच्याविषयी मनापासून चांगले लिहिता येते. १९२५ साली कारेल अब्सोलोन यांच्या मोरावियातील उत्खननात ती दोन तुकड्यांत सापडली. भाजलेल्या मातीच्या जगातील सर्वांत जुन्या वस्तूंमध्ये ती मोडते. माणसाने मातीची भांडी रोजच्या वापरात आणली त्याच्या कित्येक हजार वर्षे आधीची ती आहे. मधली भेग, चेहऱ्यावरच्या दोन तिरप्या चिरा, पाठीवरच्या घड्या, डोक्याच्या माथ्यावरची चार छिद्रे, हे सारे प्रतिकृतीत आहे, आणि हिची पाठ सपाट केलेली नाही. मूळ मूर्तीची तपासणी करताना तिच्या पृष्ठभागावर एका बोटाचा ठसा आढळला आणि तो सात ते पंधरा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा असावा असा अंदाज करण्यात आला. ते मूल मूर्ती घडवणारे होते की भाजण्याआधी तिला नुसते हाताळणारे, हे ठशावरून ठरत नाही. तरीही ‘पुरुष कलावंताने स्त्रीचा आदर्श देह घडवला’ हे पुस्तिकेतील वाक्य त्या एका ठशापुढे किती टिकते, हे विद्यार्थ्यांना विचारता येते. १९८९ साली पामेला व्हँडिव्हर आणि सहकाऱ्यांनी या ठिकाणच्या मातीच्या वस्तू तपासल्या तेव्हा त्या ५०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेल्या असल्याचे आणि पुष्कळशा वस्तू भट्टीत तडकून फुटलेल्या असल्याचे दिसले. त्या मुद्दाम फोडल्या जात असाव्यात, अशीही शक्यता त्यांनी मांडली. वस्तू पुजण्यासाठी जपून ठेवायची नसून आगीत तडकताना पाहायची असेल, तर ‘देवीची मूर्ती’ ही ओळख फार घाईची ठरते.

चौथी मूर्ती चाताल्होयुकची. ती पाहून माझी खरी निराशा झाली, कारण मराठी वाचकाला ती चटकन आपलीशी वाटते : दोन्ही बाजूंना बिबट्यांसारखे प्राणी, त्यांच्या डोक्यांवर हात टेकवून बसलेली भरदार स्त्री, जणू एखादी व्याघ्रवाहिनीच. १९६१ साली जेम्स मेलार्ट यांना ती धान्याच्या कणगीत सापडली. तिचे डोके सापडले नाही. अंकाराच्या संग्रहालयात दिसते ते डोके नंतर बसवलेले आहे. प्रतिकृतीत डोके आणि धड यांच्यात रंगाचाही फरक ठेवलेला नाही आणि पुस्तिका तर तिच्या ‘शांत, करारी मुद्रे’विषयी चार ओळी लिहिते. विसाव्या शतकातील एका कारागिराने घडवलेल्या चेहऱ्यावरून नवाश्मयुगातील देवीचा स्वभाव सांगणे हा प्रकार मला तरी नवा होता.

मेलार्ट यांनी ही मातृदेवता ठरवली आणि पुढे पुरातत्त्वज्ञ मारिया गिम्बुटास यांच्या लेखनामुळे ‘युद्धखोर पुरुषप्रधान संस्कृतीच्या आधीचे शांत मातृपूजक युग’ ही कल्पना जगभर पसरली. तिने अनेक स्त्रियांना बळ दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यावरची सर्वांत कसून केलेली टीकाही स्त्रीवादी अभ्यासकांकडूनच आली. कॉन्की आणि रूथ ट्रिंगहॅम या त्यांत अग्रभागी होत्या. त्यांचा आक्षेप असा की हजारो वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावरील सगळ्या स्त्रीमूर्ती एकाच देवीच्या मानल्या, की स्त्रीचा अर्थ पुन्हा गर्भाशयापुरताच उरतो, फक्त त्याला आता आरती ओवाळलेली असते. देवीचे मंदिर गावोगावी असूनही बाईच्या वाट्याला काय येते हे आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा मूर्ती सापडली म्हणून स्त्रीराज्य होते हा निष्कर्ष महाराष्ट्रातल्या वाचकाने तरी सहज मान्य करू नये. १९९३ पासून इयन हॉडर यांच्या नेतृत्वाखाली चाताल्होयुकचे काम पुन्हा सुरू झाले. तेथील लहान मूर्तींत प्राण्यांची संख्या फार मोठी असल्याचे आणि अनेक मूर्ती पूजास्थानी नव्हे तर कचऱ्यात आणि भरावात टाकलेल्या आढळल्याचे लिन मेस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. हाडांच्या रासायनिक तपासणीत स्त्रीपुरुषांच्या आहारात लक्षणीय भेद दिसला नाही. आणि याच उत्खननात एक मूर्ती मिळाली जिच्या पुढच्या बाजूला भरलेले स्तन आणि पोट आहे, तर मागच्या बाजूला बरगड्या, कणा आणि खांद्याची हाडे दिसणारा सापळा आहे. पाठ न पाहणाऱ्याला ती आणखी एक मातृदेवताच वाटली असती.

आता पुस्तिकेविषयी. कागद उत्तम आहे, छपाई स्वच्छ आहे, मराठी मजकुरातील शुद्धलेखन बऱ्यापैकी आहे. मजकूर मात्र एका सूत्रात संपतो : चारही मूर्ती सुफलतेच्या देवीच्या आहेत. विलेनडॉर्फ आणि चाताल्होयुक यांच्यात वीस हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, म्हणजे चाताल्होयुकपासून आपण जितके दूर आहोत त्याच्या दुपटीहून अधिक. पहिले लोक भटके शिकारी आणि अन्न वेचणारे होते, दुसरे शेती करणारे, एकमेकांना लागून घरे बांधून राहणारे. भटक्या समूहांना मुलांची संख्या वाढवण्यापेक्षा दोन बाळंतपणांत अंतर राखणे अधिक गरजेचे असते, हे मानववंशशास्त्रात पूर्वीपासून सांगितले गेले आहे. तेव्हा त्यांच्याकडे सुफलतेची देवी असलीच पाहिजे, ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. १९८१ साली पॅट्रिशिया राइस यांनी पुराश्मयुगातील १८८ स्त्रीमूर्तींची वर्गवारी केली तेव्हा त्यांना सुमारे १७ टक्केच गर्भवती वाटल्या. बाकीच्या तरुण, प्रौढ, वयस्क अशा निरनिराळ्या वयांच्या होत्या. अशी वर्गवारीही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, पण निदान मूर्ती मोजून पाहण्याचे कष्ट तरी त्यात घेतलेले होते.

पुस्तिकेतील एक परिच्छेद याहून गंभीर आहे. लेस्प्यूगच्या मूर्तीचे नितंब हे ‘आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत आढळणारे शरीरलक्षण’ असल्याचे तेथे सहज म्हणून लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एदुआर पिएत यांच्यासारखे संशोधक मूर्तींच्या चरबीवरून प्राचीन युरोपातील वंश ठरवत असत, आणि त्या विचारामागे सारा बार्टमन या दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई स्त्रीचे शरीर उभे होते. १८१० पासून तिला लंडनमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये तमाशासारखे दाखवले गेले. १८१५ साली ती वारली, शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी तिचे विच्छेदन केले, आणि तिचा सापळा व देहाचा साचा पॅरिसच्या म्यूझे द लोम या मानव-संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत प्रदर्शनात होता. २००२ साली तिचे अवशेष मायदेशी नेऊन दफन करण्यात आले. लेस्प्यूगची मूर्ती आज त्याच संग्रहालयाची आहे. हा इतिहास ठाऊक असलेला लेखक ते वाक्य लिहिणार नाही, आणि ठाऊक नसलेल्याने या मूर्तीवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका लिहू नये.

मधल्या जोडपानावर ‘आदिम स्त्रीचे जीवन’ असे चित्र आहे : पुरुष भाले घेऊन निघाले आहेत, स्त्रिया गुहेच्या तोंडाशी मुले घेऊन बसल्या आहेत, सगळ्यांची कातडी वस्त्रे कमरेशी नीट कापलेली आहेत आणि कोणाच्याही हातात सूत नाही. देहाचा अभ्यास मूर्तींच्या पलीकडे हाडांपर्यंत नेला असता तर हे चित्र बदलावे लागले असते. पेरूच्या अँडीज पर्वतात, विलामाया पात्ख्या येथे, नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात शिकारीची पूर्ण हत्यारे सापडली. २०२० साली दातांच्या आवरणातील प्रथिनांवरून ती व्यक्ती सतरा ते एकोणीस वर्षांची तरुणी असल्याचे सिद्ध झाले. स्पेनमधील व्हालेन्सिना येथे २००८ साली सापडलेल्या, हत्तीच्या अखंड सुळ्यासह पुरलेल्या ताम्रयुगीन व्यक्तीला आधी तरुण पुरुष मानले गेले होते. २०२३ साली त्याच पद्धतीने ती स्त्री असल्याचे कळले. इतक्या श्रीमंत दफनातील व्यक्ती पुरुषच असेल असे गृहीत धरणे किती सोपे असते, याचे हे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. एकेका दफनावरून सगळ्या समाजाचा निष्कर्ष काढू नये, हेही विद्यार्थ्यांना तेवढ्याच आग्रहाने सांगावे लागते.

हाडांवर कामाचा भार कसा उमटतो हा भाग मला स्वतःला अधिक मोलाचा वाटतो. सिरियातील अबू हुरेरा येथे थिया मोलसन यांनी तपासलेल्या सापळ्यांत, विशेषतः स्त्रियांच्या, पायांचे अंगठे, गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले व विकृत झालेले आढळले. पाट्यासारख्या दगडापुढे गुडघे टेकून, पायाची बोटे मागे दुमडून, तासन्‌तास धान्य रगडण्याची ती खूण होती. २०१७ साली अॅलिसन मॅकिंटॉश, रॉन पिन्हासी आणि जे स्टॉक यांनी मध्य युरोपातील आरंभीच्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाच्या हाडांची तुलना आजच्या खेळाडू स्त्रियांशी केली, आणि त्या प्राचीन स्त्रियांच्या दंडाची हाडे स्पर्धेत नौका वल्हवणाऱ्या तरुणींपेक्षाही ११ ते १६ टक्के अधिक भक्कम असल्याचे दाखवले. पूर्वी हे लक्षात न येण्याचे कारण असे की स्त्रियांची हाडे पुरुषांच्या हाडांशीच ताडून पाहिली जात, आणि त्या तुलनेत ती नाजूक ठरत. जमीन खणणे, रगडणे आणि ओझी वाहणे यांनी घडलेले हे दंड पुस्तिकेतील चित्रात कुठेही नाहीत. तेथील सगळ्या स्त्रिया सडपातळ आहेत, हेही विशेष, कारण शेजारच्याच पानावर लठ्ठपणा हा त्या काळचा ‘सौंदर्यादर्श’ असल्याचे सांगितले आहे.

वर्गातील वापराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण इतकी नाराजी असूनही हे खोके मी परत पाठवले नाही. १९९६ साली लेरॉय मॅकडर्मॉट यांनी असे मांडले होते की या मूर्ती स्त्रियांनी स्वतःच्या देहाकडे वरून खाली पाहत घडवल्या असाव्यात. म्हणून स्तन आणि पोट मोठे, पाय निमुळते आणि चेहरा नाहीसा. विलेनडॉर्फची प्रतिकृती बैठकीवरून काढून हनुवटीखाली धरली आणि वरून पाहिले की हा युक्तिवाद मुलींना लगेच पटतो, मुलांना थोड्या वेळाने. त्यानंतर मूर्ती उलटी करून पाठ पाहायला सांगितले की शंका सुरू होतात : स्वतःची पाठ आणि स्वतःची टोपी तिला कशी दिसली असेल? एखादे मत आधी पटणे आणि मग हातातल्याच वस्तूमुळे डळमळणे, हा अनुभव पडद्यावर दाखवलेल्या कोणत्याही चित्रांतून मिळत नाही. या खेळासाठी बैठक सुटी होणे आवश्यक आहे. विलेनडॉर्फ आणि व्हेस्टोनित्से यांच्या बैठकी पिळून निघतात, लेस्प्यूगची चिकटवलेली आहे. विलेनडॉर्फच्या मूळ मूर्तीला पावले नाहीत आणि ती उभी राहत नाही, तेव्हा बैठक काढून ती हातात घेणे हेच अधिक योग्य वाटते.

संच भारतात, मराठी पुस्तिकेसह विकला जातो आणि तरी त्यात इनामगाव नाही, ही उणीव मला सर्वांत अधिक खटकली. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या गावी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, ताम्रपाषाणयुगातील एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक पेटी सापडली. पेटीत डोके नसलेली स्त्रीमूर्ती होती, झाकणावर डोके असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. शिरोहीन मूर्तीच्या पोटात आणि बैलाच्या पाठीत छिद्रे असून काडी घालून तिला बैलावर बसवता येत होते. घरातल्या जमिनीखाली, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, कोणी तरी हे दोघे एका पेटीत ठेवून पुरले. तिला सुफलतेची देवी म्हणणे येथेही सोपे आहे, आणि पुढच्या काळातील शिरोहीन लज्जागौरीशी तिचा संबंध जोडण्याचा मोहही स्वाभाविक आहे. पण येथे आपल्याला मूर्ती कुठे, कशात आणि कशासोबत ठेवली होती हे ठाऊक आहे, आणि त्याच वस्तीत घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली बालकेही आहेत. इतका संदर्भ विलेनडॉर्फला लाभलेला नाही. त्या मूर्ती, पेटी आणि बैल यांची सुटी होणारी प्रतिकृती कोणी केली तर विद्यार्थ्यांना ती काडी स्वतः घालून पाहता येईल. तोवर पुण्यातील वाचकांनी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातील इनामगावचा विभाग पाहावा.

सेवेविषयी तक्रार नाही. खोके सांगितल्या दिवशी आले, प्रत्येक मूर्ती फोमच्या खाचेत घट्ट बसवलेली होती आणि एकीलाही ओरखडा नव्हता. पुस्तिकेतील चुका आणि लेस्प्यूगची पाठ यांविषयी मी विक्रेत्याला सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. पुढच्या छपाईत मजकूर तज्ज्ञाकडून तपासून घेऊ, वंशाविषयीचे वाक्य काढू, चाताल्होयुकचे डोके नंतरचे असल्याची टीप घालू, असे त्याने कळवले. लेस्प्यूगच्या साच्याचे काम मात्र दुसऱ्या कारखान्याकडे असून नवा साचा सध्या परवडणारा नाही. मूर्ती सुट्याही मिळतात, असे त्याच पत्रात होते. तेव्हा पूर्ण संच न घेता व्हेस्टोनित्सेची मूर्ती अवश्य घ्यावी, विलेनडॉर्फची टोपीच्या माथ्याचे एक चांगले छायाचित्र सोबत ठेवून घ्यावी, आणि उरलेल्या दोन्हींसाठी पैसे खर्च करू नयेत.